पांढऱ्या पट्ट्यामागे

आई,

डोंगरावरूनच वाकून नमस्कार. शलगमाच्या पाल्याचं लोणचं पोचलं. गुडघा बरा आहे, पोटभर जेवतो, डोंगर चढून येणाऱ्या पाहुण्यांनी आपली मुक्कामाची झोपडीही भरलेली असते. तुझा खोकला कसा आहे? वहिनी औषध देते ना वेळेवर?

ओबोनला पितर घरी येतील, तेव्हा बाबांच्या थडग्यावर ठेवायला फरच्या झाडाची डहाळी पाठवतोय.

वाऱ्याच्या माऱ्यानं म्हातारी झाडं वाळून जो पांढरा पट्टा पडतो, तो यंदा झोपडीच्याही वर सरकला. बाबा म्हणायचे, "रडतोस काय खुळ्या? पांढरं वर चढतं, मागून हिरवं येतं." म्हणून पट्ट्यामागे अक्षरशः रांगत शोधलं. एक रोप नाही, आई. बर्फ कमी पडतो, तशी हरणं हिवाळाभर वरच राहतात. रोपं खाल्ली, कोवळ्या झाडांच्या साली सोलल्या. आता नुसती उघडी माती.

तू म्हणशील, "तुझं रडगाणं जुनंच." असू दे.

दरवर्षी डहाळी पट्ट्यामागच्या कोवळ्या झाडाची असायची. ही पट्ट्यापुढच्या म्हाताऱ्या झाडाची आहे, आणि तेही आता वाळायला लागलंय. थडग्यावर ठेवताना बाबांना सांगू नकोस.

तुझाच,
इसाओ