घरघर बँडच्या गिरणीचे मृत्युपत्र

लिहून ठेवणार: दुर्गाबाई पुंजाराम भुतेकर, वय अडुसष्टच्या आसपास, धंदा पिठाची गिरणी, राहणार मस्तगड, जालना.

मी हे राजीखुशीने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी दाब टाकलेला नाही. टाकील असा माणूस या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. डोकं शाबूत आहे, डोळ्यांना दिसतं, गुडघे कुरकुरत का होईना चालतात. कान मात्र एकच उरला. उजवा गिरणीनं खाल्ला, आणि डावाही फार टिकायचा न्हाई असं डॉक्टरनं कागदावर लिहून दाखवलं. अरे, मला ऐकू येत होतं ना, तोंडानं सांगायचं! पण तेव्हापासून मला घाई झाली आहे. मरायची न्हाई, ऐकायची. ‘घरघर’ हा बँड मला एकदा पुन्हा वाजताना ऐकायचा आहे, आणि त्यातले दोघं सात वर्षांपासून एकमेकांचं तोंड बघत न्हाईत. बाकी सगळं मृत्युपत्र त्याच्या मागून आहे.

अक्षर तातेराव खरात यांचे आहे. हे अंबड तालुक्यात गुरुजी आहेत; त्याआधी ‘घरघर’मध्ये बेस गिटार वाजवीत. मी सांगते, ते लिहितात. मध्येच म्हणतात, “मावशी, असं मृत्युपत्रात लिहीत न्हाईत.” मी म्हणते, लिही.

कलम १. माझे राहते घर, दोन खोल्या व वरचा पत्र्याचा माळा, पुतण्या सर्जेराव यास द्यावे. सर्जेरावाला खरं तर गिरणीची जागा पाहिजे, तिथं कॉम्प्लेक्स बांधायचं आहे. दर दिवाळीला नकाशा घेऊन येतो आणि माझाच चिवडा खातो. त्याला घर मिळेल. गिरणी बिलकुल मिळणार नाही.

कलम २. गळ्यातली बोरमाळ भाची बेबीनंदा हिला. तिनं कधीच काही मागितलं न्हाई, म्हणून.

कलम ३. गिरणी. ही कोणाला, ते सांगण्याआधी गिरणी काय चीज आहे ते सांगणे भाग आहे.

आमचे मालक एक्याऐंशी साली गेले. लोक म्हणाले, बाईमाणसाला मोटारीवर पट्टा चढवणं जमायचं न्हाई. तेरावा झाला आणि मी पट्टा चढवला. त्या पट्ट्याला एक सांधा आहे. प्रत्येक फेऱ्याला सांधा पुलीवर आपटतो, टप, टप, टप, टप. दाणे संपेपर्यंत तो थांबत न्हाई आणि ढिला पडत न्हाई.

एकोणनव्वद साली आमच्या गल्लीतला बद्रीनाथ मुंबईहून मामाकडून एक कॅसेट घेऊन आल्ता. माझ्या टेपवर लावली. मला वाटलं, टेप बिघडला, मधली फीत गुंतली. मंग कान देऊन ऐकलं आणि अंगावर काटाच आला हो! ही तर माझी गिरणी! तोच दणका, तीच घाई, वरून माणूस बोंबलून राह्यलाय आणि खाली टप, टप, टप, टप. बद्रीनाथ म्हणाला, “मावशी, याला थ्रॅश मेटल म्हणतात.” मी म्हणाले, काहीही म्हण, उलटी बाजू लाव.

मंग त्यानं गिटार घेतली. कडूबा लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता, त्यानं पत्रा ठोकून झांजा केल्या आणि जुन्या शिलाई मशीनच्या पायट्यांपासून दोन पायांनी वाजवायचा ड्रम बनवला. तातेराव तेव्हा डी.एड. करून राह्यले होते. यांना खोलीत कोणी वाजवू देईना. शेजारच्या कांताबाईनं तर पोलीस बोलावले. तेव्हा मी म्हणाले, गिरणीत या, पट्टा चालू असताना वाजवा, भगवंतालासुद्धा कळणार न्हाई कोणता आवाज कोणाचा. नाव त्यांनी ‘घरघर’ ठेवलं. अभद्र नाव म्हणून मी शिव्या घातल्या, पण शोभलं.

दळण घेऊन आलेल्या बाया पाटीवर बसून ऐकायच्या. पोरांच्या केसांवर, गिटारवर, सगळीकडे पीठ. एक्याण्णव साली औरंगाबादला कॉलेजच्या गॅदरिंगला घाईत तसेच गेले, पांढरी तोंडं घेऊन. पब्लिकला वाटलं मेकअप! टाळ्या, शिट्ट्या! तेव्हापासून मी मुद्दाम पीठ चाळून द्यायचे. ज्वारीचंच. गव्हाचं लावलं की घामानं तोंडाची कणीक होते.

पण त्या दिवशी गाणं मात्र कोसळलं. कडूबाचा ठेका एकीकडे, बद्रीनाथ दुसरीकडे. परत आल्यावर कळलं की कडूबा गिरणीच्या सांध्यावर वाजवतो. सांधा न्हाई तर तो वाट चुकतो. मंग मी काय केलं? रिकाम्या पट्ट्याचा आवाज कॅसेटवर भरला, वॉकमनमध्ये घातला आणि त्याची वायर कडूबाच्या कानात घातली. पुढची सगळी वर्षं माझी गिरणी त्याच्या कानात होती. नांदेडला, सोलापूरला, पार मुंबईला! मी कधी गेले न्हाई, पण माझा पट्टा गेल्ता.

चौऱ्याण्णवला त्यांनी गिरणीतच स्वतःची कॅसेट भरली, ‘दळण’ नावाची. मी गल्ल्यावर ठेवायचे. सगळ्यात जास्त खप अंतरवाली सराटीत! मला वाटलं, काय कदर आहे गावाला. नंतर कळलं की तिथले लोक शेतात भोंग्यावर लावायचे, रानडुकरं पळतात म्हणून. बद्रीनाथ आठ दिवस रुसला. कडूबा हसून हसून लोळला. म्हणाला, “डुकरं तरी शेवटपर्यंत ऐकतात का बघून या!”

नव्व्याण्णव साली पुणे. एवढी पोरं त्यांच्यासमोर कधीच आली नव्हती, आणि मुंबईचा कॅसेट कंपनीवालाही आल्ता. वॉकमनला सेल पाहिजेत म्हणून स्टेशनवर घेतले. ते शिळे निघाले. शेवटच्या गाण्यात कॅसेट रेंगाळायला लागली आणि तिच्याबरोबर कडूबा. त्याला काय माहीत? त्याच्या कानात तर गिरणीच चालू. बद्रीनाथ गिटार सोडून मागे गेला आणि सगळ्यांसमोर त्याच्या कानातली वायर उपटली. कडूबानं काठ्या खाली ठेवल्या, एसटी धरली आणि जालन्याला आला. बँड तिथं संपला.

कडूबा म्हणतो, “भर पब्लिकमधी माझा कान धरला त्यानं.” बद्रीनाथ म्हणतो, “त्यानं माझं गाणं मारलं.” दोघांना मी सांगून थकले की मुडद्यांनो, दोष सेलचा आहे! कडूबा ग्रिल-गेटचं वर्कशॉप चालवतो, बद्रीनाथ बियाण्याची एजन्सी. बाजारात समोरासमोर आले की एकजण रस्ता ओलांडतो. मला रडू येतं हो. एवढं सोन्यासारखं वाजवणारी पोरं!

तर गिरणी, मोटार, पट्टा व दगडासह, तातेराव खरात यांना द्यावी. अट एवढीच की पट्टा चालू असताना कोणीही येऊन वाजवील, त्यास हटकू नये.

कलम ४. पुणे स्टेशनवर सेल विकणाऱ्या त्या इसमास माझ्या मिळकतीतून शिवीसुद्धा मिळू नये. शेजारीण कांताबाई हिला ‘दळण’ची एक कॅसेट द्यावी. ती हल्ली भांडी घासताना त्यातलं दुसरं गाणं गुणगुणते, मी ऐकलंय.

कलम ५. ड्रम ताडपत्रीखाली आहे, गिटार गिरणीच्या माळ्यावर आहे. दोन्ही ज्यांची त्यांची आहेत. ती न्यायला मृत्युपत्र लागत नाही, इथं यावं लागतं.

कलम ६. माझ्या तेराव्याला ‘घरघर’ची कॅसेट लावू नये. मेल्यावर वाजवून मला काय उपयोग?

कलम ७. बद्रीनाथ व कडूबा यांना माझ्या मिळकतीतला दाणाही देऊ नये. कारण वकिलांनी सांगितलं की मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही द्यायचं त्याला साक्षीदार करू नये. हे ऐकलं आणि मी खुर्चीतून उठलेच! दोन माणसं, माझ्या गिरणीत, माझ्या समोर! वकील म्हणतात, साक्षीदार वेगवेगळे आले तरी चालतं. मला चालत न्हाई. मी दोघांनाही सांगितलंय की दुसरा साक्षीदार सर्जेराव आहे. लोडशेडिंग चुकवून चारची वेळ दिली आहे. राजूरच्या गणपतीला नवस बोलले आहे. तातेराव म्हणतात, “मावशी, भांडणं झाली तर?” होऊ दे. भांडायला तरी तोंड उघडतील.

ठिकाण: गिरणी, मस्तगड, जालना. तारीख: १९ फेब्रुवारी २००६.

सही: दुर्गाबाई पुंजाराम भुतेकर

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असून दुर्गाबाईंनी आमच्यासमोर सही केली.

साक्षीदार १: बद्रीनाथ भानुदास ढवळे
साक्षीदार २: कडूबा तुकाराम शेजूळ

ताजा कलम. कडूबा दारातूनच मागे फिरत होता. मी म्हणाले, म्हातारीचा कागद अडवतो का रे? तेव्हा आत आला. बद्रीनाथनं सही केली आणि पेन धरूनच उभा राहिला. कडूबानं हात पुढं केला, “पेन दे.” सात वर्षांत पहिलाच शब्द. बद्रीनाथनं पेन दिलं आणि म्हणाला, “सेल गेल्ते रे त्या दिवशी. मला आधी बघायला पाहिजे होतं.” कडूबानं सही केली. मंग म्हणाला, “पट्टा ढिला वाटून राह्यला, मावशी. मी बघू का?”

पट्टा ताणला आहे. मोटार लावली आहे. ताडपत्री निघाली. बद्रीनाथ माळ्यावरून गिटार घेऊन उतरून राह्यलाय. ज्वारीचं पीठ मी सकाळीच चाळून ठेवलं होतं. आता ते तातेरावलाही हाका मारून राह्यलेत, त्यामुळे लिहिणारा उठला.

इथून अक्षर माझं आहे. वाकडं आहे. डाव्या कानानं ऐकून राह्यले. बराबर ऐकू येतंय.

दुर्गाबाई