रिंग फुगली नव्हती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, जिन्याखालच्या टॉर्चच्या दुकानाची मालकीण आणि लिफ्टवाल्याची विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणील असे माणूस या घरात उरलेलेच नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. बोटे शाबूत नाहीत, म्हणून अक्षर वाकडे आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, मी माझ्या मुलाला देते. तो वर्षातून दोनदा फोन करतो आणि दोन्ही वेळा घाईत असतो. घर तो विकून टाकील. खुशाल विकावे. सूनबाईंना स्वयंपाकघरातली भांडी. मागच्या खेपेला त्या प्रत्येक भांडे नाकाशी नेऊन परत ठेवत होत्या. आता सावकाश वास घ्यावा.

२. माझी धाकटी बहीण मागच्या खोलीत राहते. माझ्यामागे तिने महिन्याभरात खोली रिकामी करावी. कारण पुढे पाचव्या कलमात येईल.

३. दुकानाची जागा शेजारच्या किल्लीवाल्याला. तीस वर्षे त्याच्या यंत्राचा पितळी चुरा माझ्या उघड्या टॉर्चमध्ये उडत आला आणि तीस वर्षे तो "चुकून, बाई, चुकून" म्हणत आला. आता दोन्ही टेबले त्याचीच, चुरा कुठेही उडू दे.

४. चिमटे, भिंग, स्पिरिटची बाटली, रबरी रिंगांची डबी आणि सिलिकॉन ग्रीसच्या तीन नळ्या हेही किल्लीवाल्यालाच, कारण दुसऱ्या कोणाला त्यातले कळत नाही. त्यालाही कळत नाही, म्हणून लिहून ठेवते. किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचा छोटा टॉर्च महिन्यातून एकदा उघडावा. डोके फिरवून वेगळे करावे, आटे मऊ फडक्याने कोरडे पुसावेत, काळी मळी दिसेनाशी होईपर्यंत. स्प्रिंगचे टोक आणि नळीची कड स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी; वीज तिथूनच जाते, तिथे ग्रीस लागता कामा नये. मग डोक्याखालच्या रबरी रिंगला आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीस, तांदळाच्या दाण्याएवढेच. केसांचे तेल किंवा थंडीत टाचांना लावायची पेट्रोलियम जेली कधीही नाही. जेलीने अशा रिंगचे रबर हळूहळू फुगते, डोके नीट बसत नाही आणि टॉर्च ऐन वेळी दगा देतो.

हळूहळू म्हणजे महिना, दोन महिने. एका दिवसात कुठलीही रिंग फुगत नाही. हे धंद्यातल्या प्रत्येकाला कळते. धाकटीला मी ते कधी शिकवले नाही.

५. आता धाकटीविषयी.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती, आमच्याकडे राहून दुकानात मदत करायची. दुकानासमोरच्या घड्याळजींशी तिचे लग्न ठरले होते. त्या रविवारी मी एका लग्नाला गेले आणि जाताना तिला सांगून गेले, "दाजींचा टॉर्च साफ करून ठेव." ग्रीस संपले होते. कपाटात नवी नळी होती, पण कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. तिने जेली लावली आणि मी परत येताच मला सांगितलेही. मी तिला मूर्ख म्हटले आणि झोपले.

सोमवारी सकाळी निघताना नवरा म्हणाला, "उजेड मंद वाटतोय गं." मी चहा पीत होते. नवे सेल त्याच कपाटात होते, उठायचा कंटाळा आला. गिऱ्हाइकाने परत आणलेल्या टॉर्चमधला एक सेल टेबलावर पडला होता. त्याच्या बुडाशी पांढरी पूड आली होती. ती मी पदराला पुसली आणि तो सेल घालून दिला. "लागला की," तो म्हणाला आणि गेला.

दुपारी तो लिफ्ट दुरुस्त करायला सहाव्या मजल्यावर लिफ्टच्या बोळात पट्टीवर उभा होता, वीज बंद करून, टॉर्च दातात धरून. टॉर्च विझला. त्याचा हात चुकला. दोन मजले खाली तो लिफ्टच्या टपावर पडला आणि पाठीचा कणा मोडला.

इस्पितळात त्याचे घड्याळ, किल्ल्या आणि टॉर्च एका पिशवीतून माझ्या हातात दिले. मी टॉर्च उघडला. रिंग जागच्या जागी, आटे स्वच्छ, डोके घट्ट. सेल पाझरला होता आणि स्प्रिंगच्या टोकावर पांढरा थर बसला होता. मी तो नखाने खरवडला, सेल कचऱ्यात टाकला आणि बाहेर आले. धाकटी बाकावर बसली होती.

"ताई, कशानं झालं?"

मी म्हटले, "रिंग फुगली होती."

तिने दोन्ही हात पदराला पुसले आणि पुसतच राहिली. नर्सने तिला पाणी दिले. मी दिले नाही.

त्याच आठवड्यात तिने लग्न मोडले. घड्याळजी दोन वर्षे थांबले. एकदा दुकानात येऊन मला म्हणाले, "तुम्ही सांगून बघा तिला, तुमचं ऐकेल." मी म्हटले, "ज्या हातानं माझा संसार मोडला, तो हात तुम्हाला हवाय का?" ते पुन्हा आले नाहीत.

नवरा त्यानंतर अकरा वर्षे अंथरुणात जगला. त्याला कुशीवर वळवणे, पुसणे, भरवणे, सगळे धाकटीने केले. मी दुकानात बसले. तो गेल्यावर माझे सांधे धरले. तेव्हापासून माझी वेणी, माझ्या गोळ्या, माझी अंघोळ तीच बघते. मी चिडले की एवढेच म्हणायचे, "रिंग आठव." ती पुन्हा कामाला लागायची.

खरे का सांगितले नाही, असे कोणी विचारील. सुरुवातीला भीतीने. नंतर सोयीने. तिला कळले असते तर ती गेली असती आणि मला माणूस हवे होते.

म्हणून धाकटीला मी काहीही देत नाही. भांडे नाही, साडी नाही, माझा फोटोही नाही. काही दिले तर ती ते सांभाळत बसेल आणि मला माफ करील. तिची माफी मला नको आहे. या कलमाची एक प्रत वकिलांनी माझ्यामागे तिच्या हातात द्यावी.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. तारीख: नऊ मार्च.
सही: लिफ्टवाल्याची विधवा
साक्षीदार: १) किल्लीवाला २) धाकटी बहीण (वाचून सही केली)

पुरवणी

धाकटीच्या सहीपुढे कंसात जे लिहिले आहे, त्याचा खुलासा. आता बोटांत पेन धरवत नाही, म्हणून वकिलांच्या कारकुनाकडून लिहवून घेते.

वकील म्हणाले होते की निदान एक साक्षीदार तरी ज्याला काही मिळत नाही असा घ्या, त्याने मजकूर वाचायची गरज नाही, फक्त माझी सही होताना बघायची. मला ते बरे वाटले. धाकटीला हाक मारली. तिने हात पुसले, पेन घेतले आणि कागद उचलला.

मी म्हटले, "वाचायचं काही नाही त्यात."

ती म्हणाली, "इतकी वर्षं तू सांगितलंस ते न बघता केलं. एवढं वाचून करते."

ती उभ्याने वाचू लागली. किल्लीवाला खिडकीकडे बघत राहिला. पाचव्या कलमाला ती खुर्चीवर बसली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले. रडली नाही.

"दाजींना माहीत होतं?"

"नाही."

"ते शेवटपर्यंत माझ्याकडे पाणी मागायला लाजायचे. म्हणायचे, पोरीला आणखी त्रास नको." मग तिने विचारले, "आणि घड्याळजी?"

"त्यांनाही नाही. ते वारले, सहा वर्षं झाली."

हे तिला माहीत नव्हते. मला होते.

तिने सही केली, पेनाचे टोपण लावले आणि मागच्या खोलीत गेली. अर्ध्या तासात एक पिशवी घेऊन बाहेर आली. मी म्हटले, "अगं, माझ्या चारच्या गोळ्या?" ती माझ्यासमोरून गेली आणि दार लोटून घेतले.

दुसरे कलम त्यामुळे रद्द समजावे, खोली रिकामी आहे. पाचव्या कलमाची प्रत कोणाला द्यायची गरज नाही. पगारी बाई दिवसातून दोनदा येते. वेणी घालताना केस ओढते. धाकटी सध्या कुठे राहते ते वकिलांना ठाऊक आहे. मी तीनदा विचारले. ते म्हणतात, सांगू नका असे धाकट्या बाईंनी सांगितले आहे.

ठिकाण: तेच. तारीख: एकवीस मार्च.
सही: डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: १) वकिलांचा कारकून २) पगारी बाई (वाचता येत नाही, अंगठा)