थोरलीची बाटली

४ मार्च

नव्या नोकरीचा पहिला दिवस! डोक्याला टोपी, तोंडाला पट्टी, पायांत पिशव्या. आरशात मीच मला ओळखलं नाही. काम ऐकायला भारी, करायला दाईचं: माणसाच्या आतड्यातल्या मूळपेशी बशीत वाढवायच्या, वेळच्या वेळी खाऊ घालायच्या. खाणं म्हणजे बाटलीतलं गुलाबी पाणी. वाढलेला तुकडा आजारी आतड्यात लावला की नवं अस्तर धरतं. आमच्या धाकट्याचं बहुतेक आतडं कापून काढलंय, तो वर्षभर सुईतून जेवतो. त्याच्या पेशी इथेच वाढताहेत. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, बहीण म्हणून येऊ नकोस, कामाला म्हणून ये. मी हो म्हटलं. साफ खोटं.

९ मार्च

इथला सगळ्यात कडक नियम: ज्याची बशी त्याची बाटली. एका थेंबातून एक पेशी जरी दुसऱ्या बशीत गेली, तरी दांडगी असेल ती दुबळ्यांना संपवते. जुना तंत्रज्ञ हा नियम पाढ्यासारखा म्हणतो. सदा पळत असतो म्हणून मी त्याचं नाव मुंगळा ठेवलंय. मागच्या कप्प्यात 'थोरली' आहे, इथली सर्वांत जुनी बशी. कोणाच्या पेशी, कोणी सांगत नाही. चौघांचं एकटी खाते. मुंगळा स्वतः चहा पिण्याआधी तिला खाऊ घालतो. का, विचारलं तर म्हणाला, उपाशी ठेवली की शेजारच्या बशीकडे सरकते. मी हसले. तो हसला नाही.

१७ मार्च

धाकट्याच्या पेशी ढिम्म. बाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत तुकडा झाला नाही तर प्रयत्न सोडावा लागेल. त्याच्या हातांत सुई टोचायला शीर उरलेली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. घरी आई दार लावून स्वयंपाक करते, वास त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून. तो म्हणतो, वास तरी येऊ दे गं, तो पचतो मला.

थोरलीच्या बशीतून तिच्या बाटलीत काढलेलं उष्टं पाणी, वाढीला जोर यावा म्हणून, दुबळ्या पेशींना देण्याची इथे रीत आहे, पण बारीक गाळणीतून गाळून. गाळण्या संपल्या होत्या. मुंगळा म्हणाला, नव्या येईपर्यंत थांब. मला थांबवेना. तिच्या बाटलीतलं वरवरचं नितळ पाणी तेवढं न गाळता धाकट्याच्या बशीत घातलं, विरजण घालतात तसं चमचाभर.

२३ मार्च

वाढल्या! बशीभर! बाईंनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. पेशी कोणाच्या याची तपासणी इथे त्या आल्या आल्या एकदाच होते, पुन्हा नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. सगळे कोंब मात्र एकाच बाजूला वळलेत. मी बसते त्या बाजूला. बशी फिरवून ठेवली. जेवून आले तर पुन्हा माझ्याकडेच.

११ एप्रिल

तुकडा लागला. शल्यचिकित्सक खूश. मला मात्र अन्न गोड लागत नाही.

२४ एप्रिल

त्याने उकडलेला बटाटा खाल्ला. तोंडाने! आई पदरात तोंड लपवून रडली. मीही रडले. जे झालं ते चांगल्यासाठीच, असं मनाला बजावलं.

३० एप्रिल

पातेलंभर खातो. वर ताट पुसून खातो. आईला कौतुक. पण हात काडीसारखे झालेत, गाल आत गेलेत. खाल्लेलं जातं कुठे? पोटावरची कातडी आतून हलताना दिसली. तो झोपला होता तेव्हा.

२ मे

मुंगळ्याला बाटलीचं सांगून टाकलं. तेव्हा कुठे त्याने थोरलीचं सांगितलं. तिच्यातल्या पेशी इथे तुकडा लावलेल्या पहिल्या रुग्ण बाईच्या. ती बाईही अशीच जेवायला लागली होती. मग एक दिवस तिची भूक गेली. त्याने मला एवढंच विचारलं, याची भूक आहे ना अजून? मी हो म्हटलं. आहे. आहे.

३ मे

ताट परत आलं. भूक नाही म्हणतो. पोट भरलेलं आहे म्हणतो, आपोआप भरतं. अंगावर मांस नाही आणि चेहरा तृप्त.

मी त्याला मारलं आहे का?

४ मे

बाईंना सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. तुकडा तातडीने काढायचा ठरला. त्याला आत नेताना त्याने माझा हात धरला — पकड इतकी घट्ट — एवढी ताकद आली कुठून —

दुपारी

उघडलं आणि लगेच शिवलं. काढलं का सगळं, मी विचारलं. शल्यचिकित्सक माझ्याकडे बघेनात. कुठून काढू, म्हणाले. यकृत, जठर — सगळीकडे तेच अस्तर — त्याचं स्वतःचं म्हणावं असं आत काही —

५ मे

जागा आहे. बोलतो. हसतो. आईला ओळखतो. आईला मी खोलीत जाऊ देत नाही. का ते सांगता येत नाही —

आज पुन्हा भूक लागली म्हणतो. ताट नेलं. ताटाकडे बघितलंही नाही. माझ्याकडे —

दार लावून बाहेर बसले आहे. हाका मारतोय. ताई, अगदी लहानपणी मारायचा तशा. जेवण नको म्हणतो. फक्त जवळ येऊन बस म्हणतो. माझा धाकटा आहे तो. आत कोणीही असलं तरी आवाज त्याचाच — मी उठते — थोडा वेळच बसेन, हात लांब ठेवून —