ताटलीतल्या धडधडीची वाटणी

थोरल्या, कंबर कशी आहे? पोती उचलताना पट्टा बांधतोस ना? सूनबाई, खोकला गेला का? भावजी, गुडघे काय म्हणतात? आणि धाकटे, तुझी धाप? जिन्यात मध्येच थांबून "चपलेचा पट्टा निसटला" म्हणतेस, ते मला कळतं गं.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्र असं सुरू करत नाहीत. म्हणून आता रीतसर: मी, बेकरीवाली, वय एक्याऐंशी, शुद्धीत राहून, कुणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्यामागे तोंडं वाकडी होऊ नयेत म्हणून हे लिहून ठेवते. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं; ते रागात केलं होतं.

१. राहतं घर थोरल्याला व सूनबाईला. स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही. ती नीट करायचं त्याने लग्नाआधी कबूल केलं होतं.

२. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना निम्मी निम्मी.

३. माझी शिडी भावजींकडे आहे. ती आता त्यांचीच. मागून मागून माझं तोंड दुखलं.

४. बेकरी, भट्टी, साचे आणि पीठ मळायचं यंत्र धाकटीला. "रक्त तपासलं तरच मिळेल, अशी अट घाला," असं वकीलबाईंनी सुचवलं. पोटच्या पोरीशी मी सौदा करणार नाही. अट नाही.

तपासणी कसली, तेही लिहिते. माझे वडील आणि भाऊ चालता-बोलता गेले. पुढे मला भोवळ आली, तेव्हा कळलं की हृदयाच्या ठोक्यांचा दोष आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. छातीत यंत्र बसवलं, म्हणून आज लिहायला बसले आहे. थोरल्याने रक्त तपासलं, तो सुटला. धाकटी ऐकत नाही. "आई, कळून काय करू? रोज थोडी थोडी मरू?" म्हणते.

५. संशोधन केंद्रातल्या माझ्या पेशी. याला मालमत्ता म्हणावं का, यावर वकीलबाई अडखळल्या. मी म्हटलं, लिहा.

माझ्या दंडाची टिचभर कातडी घेऊन तिथल्या मुलीने त्यातून हृदयाच्या पेशी वाढवल्या. रोज खाऊ घालायचं, ऊब सांभाळायची, सुट्टीलाही यायचं. आपल्या खमिरासारखंच सगळं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर काय, काचेच्या ताटलीतला ठिपका धडधडतोय! आणि मधेच ठोका चुकवतोय, अगदी माझ्यासारखा. मी बोट पुढे केलं.

"आजी, हात नका लावू!"

"अगं, माझंच आहे ते!"

"तुमचंच आहे, पण खराब होईल ना!"

त्या ठिपक्यावर ती वेगवेगळी औषधं घालून बघते. एकाने ठोके सरळ झाले. "मिळालं म्हणायचं औषध?" मी विचारलं. "नाही हो आजी. ताटलीत जमलं म्हणजे माणसात जमेलच असं नाही. अजून वर्षं लागतील." खोटी आशा दाखवली नाही, म्हणून आवडली मला. माझी लोकरी शाल तिला द्यावी; तिथे फार गार असतं.

"आई, आता ठिपक्याचीही वाटणी?" थोरला हसला. हसू दे. माझ्यामागे या पेशी ठेवायच्या की संपवायच्या, हे ठरवण्याचा हक्क मी धाकटीला देते. सही करायला तिला तिथे जावं लागेल, आणि ती मुलगी सूक्ष्मदर्शक दाखवल्याशिवाय सोडणार नाही. हा माझा डाव आहे, लपवत नाही. बघून आल्यावरही रक्त तपासायचं की नाही, ते तूच ठरव. एवढंच सांगते, कळल्यावर मी रोज मेले नाही. गोळ्या घेतल्या, यंत्र बसवलं आणि तुझ्या लेकीला शाळेत जाताना पाहिलं.

साक्षीदार: शेजारची शिंपीण (सही), दूधवाला (सही). सूनबाईही पेन घेऊन धावली होती, पण जिला वाटा आहे तिने साक्ष द्यायची नसते.

ठिकाण: बेकरीवरची खोली. दिनांक: साक्षीदारांनी सहीखाली घातला आहे तोच.

सही: बेकरीवाली, म्हणजे तुमची आई

धाकटे, याची नक्कल तुला आजच पाठवते, मी गेल्यावर वाचायला नव्हे. ठिपका बघायला मी असतानाच चल, दोघी जाऊ. बाहेरच्या बाकावर बसायचं म्हणालीस तरी बसू. हो म्हण, नाही म्हण, पण लवकर उत्तर लिही.