क्रीलची चौकट

६ जाने., मंगळ.
पेटी उघडली. चित्राआधी माझी नजर चौकटीवर गेली. धंद्याची खोड, दुसरं काय.
चित्र पेलवर्थ नावाच्या इंग्रजाचं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. मी नाव ऐकलेलं नाही. कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, तिकडेही फारसं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून तर प्रदर्शन लावतेय. समुद्रकाठी एका घरात चौघे मित्र राहायचे, एकत्र रंगवायचे, त्यातला हा एक. चित्रात चार खलाशी होडी ओढतायत. खलाशी कसले, चौघे मित्रच कपडे बदलून उभे राहिलेत. दोर असा धरला तर तळहात सोलून निघेल, हर्णैचं शेंबडं पोरही सांगेल. पाणी मात्र खरं काढलंय. भरती संपतानाचं.
काम असं: प्रवासात आणि इथल्या एसीत खालचा डावा सांधा उघडलाय. मॅडम म्हणाल्या, "सांधा बसवा, धूळ काढा. बाकी तुम्हाला जास्त कळतं, शौकतभाई."
निघताना म्हणाल्या, भिंतीवरच्या कार्डावर आपल्या वर्कशॉपचं नाव टाकणार. एकतीस वर्षं इथे आखातात, अल क्वोजमध्ये चौकटी करतोय. हॉटेलं झाली, शेखांच्या बैठकी, मजलिशी झाल्या, लोकांच्या घोड्यांचे फोटो झाले. नाव कुठे आलं नाही कधी. बायकोला लगेच फोन केला. रेहाना म्हणाली, येताना दूध आणा. पण हसत होती, कळलं मला.

८ जाने., गुरु.
सांधा बसला. आत लाकडाची पाचर होती, खिळा एकही नाही. दीडशे वर्षं झाली असतील, तरी पाचर बोटानं हलत नव्हती. करीमला बोलावून दाखवली. करीम पेशावरचा, अकरा वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसतो, सहसा कुणाला चांगलं म्हणत नाही. तोही "वाह उस्ताद" म्हणाला. मला नाही, त्या कुणा इंग्रज सुताराला.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं इंग्रजीत दोन शब्द. चष्मा पुसून वाचले. 'क्रीलने केली.' एवढंच.
सुतार एक नंबर. वर्ख लावणारा मात्र अर्धवट. ओकच्या लाकडावर थेट सोनं चिकटवलंय, खाली खडू-सरसाचा थर नाही, काही नाही. लाकडाची रेघ न् रेघ सोन्यातून दिसते. ऐपत संपली असेल नाहीतर धीर.

९ जाने., शुक्र.
जुम्म्यानंतर परत वर्कशॉपला. करीम सुट्टीवर. चौकट बाकावर, उन्हात त्या रेघा आणखीच डोळ्यांत खुपायला लागल्या.
अब्बा बोटी बांधायचे. दोन फळ्यांमधली फट भरून झाली की नख फिरवायचे, नख अडलं तर पुन्हा भरायला लावायचे. उघडी रेघ म्हणजे पाणी आत. दहा वर्षांचा असताना एक फट माझ्याकडून सुटली तर दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी. तो हात आहे माझा. रेघ दिसली की भरतो.
खालची पट्टी घेतली. आधी डावीकडून सँडपेपर, वीतभर. मग वाटलं एवढं नको, सरस असाच धरेल. खडू चाळला, सरस कोमट केला, तीन हात दिले. संध्याकाळी नख फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं. सोमवारी वर्ख, मग उरलेल्या तीन पट्ट्या. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दापोलीहून भावानं अंगठा पाठवला. खुशीत होतो. खोटं कशाला लिहू.

११ जाने., रवि.
दुपारी जेवण झाल्यावर मॅडमनी दिलेली प्रदर्शनाची पुस्तिका सनाच्या हातात दिली. म्हटलं वाच मोठ्यानं, अब्बाचं काम कुठल्या माणसाच्या चित्राला लागतंय ते कळू दे तुझ्या आईला. ती इंग्रजीत वाचत गेली, मधेमधे मी अर्थ विचारत गेलो.
चौघांचा नियम होता. आपल्या चित्राची चौकट आपण करायची नाही, मित्रानं करायची. बहुतेक सगळ्या नॅथन क्रीलनं केल्या, त्याचा हात सर्वात चांगला म्हणून. क्रीलची स्वतःची चित्रं घराला आग लागली त्यात गेली, एकही उरलं नाही. उरल्या त्या त्यानं मित्रांसाठी केलेल्या चौकटी, त्याही सहाच.
पुढे वाचलं की ही माणसं ओकवर थेट सोनं लावायची. मुद्दाम. सोन्याखालून झाड दिसलं पाहिजे, असं क्रीलचं म्हणणं होतं.
मी म्हटलं, पुन्हा वाच. तिनं वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अब्बा, दे डिड इट ऑन पर्पज. व्हाय, व्हॉट हॅपन्ड?"
काही नाही म्हटलं. चहा तसाच राहिला.

१२ जाने., सोम.
पट्टी पांढरी, गुळगुळीत, सुंदर. बघवत नव्हतं.
करीमला सगळं सांगितलं. त्याचं डोकं लगेच चाललं. बाकीच्या तीन पट्ट्याही अशाच करून टाक, चारी बाजू एकसारख्या, वर जुनाट रंग मार, कुणाच्या बापाला कळणार नाही. "मॅडम खुश, तुम्हारा नाम भी कार्ड पे. खलास."
खरं सांगायचं तर पाच मिनिटं विचार केला मी. करता येतं मला. या शहरात माझ्याइतकं सफाईनं कुणी करणार नाही, आणि हे बढाई म्हणून लिहीत नाही.
पण मग क्रीलच्या सहातली एक कमी होणार, माझ्या हातून. नाही म्हटलं. करीम खांदे उडवून चहा आणायला गेला.

१३ जाने., मंगळ.
सगळं यावर अडलेलं: सोनं त्यानं तेलावर बसवलंय की पाण्यावर. तेलावरचं असेल तर ओल्या कापसानं माझा खडू निघेल, त्याचं सोनं राहील. पाण्यावरचं असेल तर दोन्ही एकदमच कापसाला लागून येईल.
उजव्या टोकाला, नखाएवढ्या जागेत, कापूस ठेवला. बिस्मिल्ला म्हटलं आणि उचलला. पांढरा. पुन्हा. पांढरा. तिसऱ्यांदा खाली सोनं दिसलं, जागच्या जागी, रेघांसकट.
खुर्चीवर बसलो. डोळ्यांत पाणी आलं, करीम बघत होता तरी.

१६ जाने., शुक्र.
तीन दिवस तेच काम. कापूस, पाणी, कोरडा कापूस. बोटं सुरकुतली. दिवसाला वीत-सव्वा वीत.
एक गोष्ट सापडली. वर्खाची पानं एकमेकांवर किंचित चढतात. आम्ही उजव्या हातानं डावीकडून उजवीकडे जातो. क्रीलची पानं उलटी चढलीत. डावखुरा होता हा! पुस्तिकेत हे नाही, सनाकडून पुन्हा वाचून घेतलं. मॅडमना माहीत नसेल. चित्रात लाल टोपीवाला एकटाच दोर डाव्या हातात धरून उभा आहे. परवा त्याला हसलो होतो. तो क्रील, पैजेवर सांगतो.
एवढ्या लांबच्या माणसाचा हात ओळखता आला. अब्बा असते तर त्यांना सांगितलं असतं.
आता डावीकडची शेवटची वीत. तिथे सँडपेपर मारला होता.

१९ जाने., सोम.
निघालं सगळं. वीतभर जागेत नुसतं ओक. सोनं मी त्या दिवशी घासून कचऱ्यात टाकलं. लाज वाटली.
मॅडमना फोन केला. चूक झालीय, येऊन बघा. त्या दुपारीच आल्या. पहिल्यापासून सांगितलं, सँडपेपरसकट. 'बाकी तुम्हाला जास्त कळतं' याचा अर्थ मी माझ्या सोयीचा लावला, हेही सांगितलं. त्या भिंग घेऊन बराच वेळ वाकून होत्या. मग डावखुऱ्याचं दाखवलं. फोटो काढले त्यांनी, वीसेक तरी.
शेवटी म्हणाल्या, "हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं."
"म्हणूनच सांगितलं," म्हटलं.
रागावल्या का, कळलं नाही. चित्राच्या मालकाला कळवावं लागेल म्हणाल्या. कार्डाचं काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.
रेहानाला घरी सगळं सांगितलं. तिनं ताटात आणखी एक मासा वाढला. म्हणाली, आता नीट जेवा, आठवडाभर नुसते चिवडत होतात.

२७ जाने., मंगळ.
मॅडमचा मेसेज. मालकाला कळवलं, चौकट प्रदर्शनात लागणार. डावखुऱ्याची गोष्ट पुस्तिकेत नव्यानं छापणार आहेत. हे तीनदा वाचलं, मग करीमला वाचून दाखवलं, मग सनाला पाठवलं. तिनं बदाम पाठवला.
खाली आणखी एक ओळ: "ती वीत कोरी ठेवायची की सोनं लावायचं, मालक म्हणतात तुम्हीच ठरवा." कार्डाबद्दल आजही काही नाही.
कोरी ठेवली तर येणारा प्रत्येक जण माझी चूक बघणार. लावलं तर कुणाला दिसणार नाही, पण मग ते क्रीलचं नसणार. करीम म्हणतो, लगाओ. सना म्हणते, लीव्ह इट. रेहाना म्हणते, तुमचं तुम्हाला माहीत.

२८ जाने., बुध.
रास अल खोरच्या लाकूडवाल्याकडून ओकचा तुकडा आणला. सकाळपासून त्याच्यावर वर्ख बसवतोय, डाव्या हातानं, उजवीकडून डावीकडे. लावायचंच ठरलं तर त्याच्यासारखं चढलं पाहिजे. पहिली सात पानं फाटली. करीम हसला, मग त्यानंही डाव्या हातानं एक लावून बघितलं, त्याचंही फाटलं.
पंधरावं बसलं. थोडं वाकडं.
चौकट समोर आहे, ती वीत अजून कोरी. ती न्यायला गाडी उद्या अकराला येणार. आणखी चार पानं उरलीत.