वहीतली विसावी चूल

करंजपाडा, भिवंडी
२० मार्च २०२५

तीर्थरूप गोदूताईस पंढरीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत न्हाय आणि मला ओरडवत न्हाय, म्हणून पत्र. घरी सगळं बरं हाय, डोकं तेवढं ठिकाणावर न्हाय.

चैत्र पौर्णिमेला गावदेवीची जत्रा. चुलीमागं एक नारळ, ही आपली रीत तुला ठाऊकच हाय. आईच्या वेळी बासष्ट नारळ यायचे. यंदा मी वही घेऊन दारोदार फिरलो, तर भरले एकोणीस. जमिनी विकून जो तो कल्याण-ठाण्याला टॉवरात जाऊन बसलाय. ग्रामपंचायत म्हणते, गावात अकरा हजार माणूस हाय. कुठाय? गोदामं आणि बाहेरून आलेले पॉवरलूमवाले! वीसच्या खाली नारळ आले तर पालखी उठत न्हाय. माझ्याच हातात वही असताना देवी देवळात बसून राहणार, याचा संताप येतो.

घरामागची आपली चाळही मी गोदामवाल्याला विकली. पाच खोल्या रिकाम्या झाल्या, भाडेकरूंत एकट्या चंद्राचं बिऱ्हाड उरलंय.

गुडघे सांभाळ. लोभ हाय तसाच राहू दे.

तुझा पंढरी


वज्रेश्वरी
२७ मार्च २०२५

चि. पंढरीस गोदूताईचे अनेक आशीर्वाद.

गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडते, गुडघे बरे आहेत. तुझी कटकट मात्र कुठल्याच कुंडात बरी व्हायची न्हाय.

आपले आजोबा दिघाशीहून करंजपाड्यात मजुरीला आले, तेव्हा गावकीनं तीन वर्षं त्यांचा नारळ देवळाच्या पायरीवरून परत पाठवला. आई सांगताना रडायची. चौथ्या वर्षी त्यांचं नाव चढलं ते ह्याच वहीत. आता तीच वही काखेत मारून तू मोठा गाववाला झालास!

चंद्रा तेलंगणातून येऊन बावीस वर्षं झाली. नवरा लूमवर, पोरं आपल्या शाळेत शिकली. तिनं दोनदा नारळ आणला आणि तू तो परत केलास, हे तूच हसत सांगितलं होतंस. तिची चूल काय चित्रातली हाय? जा तिच्याकडे.

सुनेला आशीर्वाद. राग धरू नकोस.

तुझी गोदूताई


करंजपाडा, भिवंडी
१३ एप्रिल २०२५

तीर्थरूप गोदूताईस पंढरीचा नमस्कार. वि. वि.

राग आलाच होता. तीन दिवस पत्राकडे पाहिलं न्हाय. मग गेलो चंद्राकडे.

ती भांडी पोत्यात भरत होती. नारळ मागितला तर म्हणाली, "काका, अब गिन रहे हो?" मग पोतं बाजूला सारून तिनं नारळ दिला. गावकीत दोघं-तिघं कुरकुरले, पण वही माझ्याकडे हाय. तिचा नारळ विसावा लिहिला.

काल पालखी उठली. तिच्या नवऱ्यानं खांदा दिला. ज्याचा नारळ त्याच्या दारी पालखी थांबते, म्हणून चाळीपाशीही थांबवली. चंद्रानं उंबरा सारवून रांगोळी काढली होती. तिनं देवीची ओटी भरली.

पाच रिकाम्या खोल्यांपुढं ढोल वाजत होता. चाळ राहू दे म्हणून मी गोदामवाल्याला फोन केला, पण कागद झालेत, सही माझीच हाय. बुधवारी चाळ पाडतील. ती तारीखही मीच दिलेली हाय, ताई.

पुढच्या वर्षीची वही दुसऱ्या कुणाला द्यायला सांगितलीय. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा पंढरी