चार मिलिमीटर

३ फेब्रुवारी

दिवसभर लोकांच्या जबड्यांचे रिपोर्ट लिहिते, आज धाकट्या बहिणीचा जबडा! खालची उजवी अक्कलदाढ आडवी. साध्या एक्स-रेत मुळांवर काळी सावली, ओठाकडे जाणाऱ्या नसेच्या नळीची पांढरी कड तुटलेली — नस चिकटून असू शकते. थ्रीडी स्कॅन करायला लावला.

"ताई, एवढ्या उशिरा आलेली अक्कल, तीही काढायची?" थट्टा काही जात नाही हिची.

५ फेब्रुवारी

स्कॅन पाहिला. नसेवर पिवळी रेघ मारायचं काम माझं; दाढ कशी काढायची ते सर्जन तिच्यावरून ठरवतात. मुळांपाशी चार मिलिमीटर नळी दिसतच नाही. अलीकडे दिसते, पलीकडे दिसते. मधलं जोडून टाकलं, मुळांच्या बाहेरून. सगळेच जोडतात. 'धोका कमी' लिहिलं आणि जेवायला गेले.

९ फेब्रुवारी

दाढ निघाली. पाऊण तास लागला.

१० फेब्रुवारी

"ताई, भूल अजून उतरली नाही गं." — उतरेल म्हटलं.

२ मार्च

नाही उतरली. अर्धा ओठ, अर्धी हनुवटी बधिर. आज चहा हनुवटीवरून गळ्यापर्यंत ओघळला, तिला पत्ताच नाही! तिच्या नवऱ्याने पुसला. "भाड्याचा ओठ बसवलाय मला," म्हणाली. सगळे हसले. मी कप उचलून आत गेले, नळ सोडून नुसती उभी राहिले.

३ मार्च

रेघ लपवून स्कॅन पुन्हा पाहिला. नस दोन मुळांच्या मधून जाते. पुसट आहे, पण आहे! नुसतं 'इथे दिसत नाही' लिहिलं असतं, तरी सर्जनांनी दाढेचा वरचा भाग कापून मुळं आतच ठेवली असती. ओठ वाचला असता.

११ मार्च

सर्जनांचा फोन. "तुमची रेघ स्वच्छ होती, मॅडम. माझाच हात चुकला." धाकटीची माफी मागितली त्यांनी. अशा दाढा आता घेतच नाहीत म्हणे.

"होतं असं कधीकधी," म्हणाले. मी! असं म्हणाले!

१६ मार्च

धाकटीला सगळं सांगितलं. म्हटलं, उद्या सर्जनांनाही सांगते.

ओठाला बोट लावून पाहिलं तिने. मग म्हणाली, "नको. त्यांच्यावर चिडता येतं मला. तुझ्यावर चिडले तर रडायला जाऊ कुणाकडे?"

१७ मार्च

फोन नाही केला.